मूल एक, फाईली चार

विशेष शाळेच्या कपाटातून कोणत्याही एका मुलाची फाईल काढून पाहावी. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, निदान आणि बुद्ध्यंक. त्यामागे विशेष शिक्षिकेने लिहिलेला आराखडा: मूल तीन रंग ओळखेल, दहापर्यंत वस्तू मोजेल. त्यामागे व्यवसायोपचारतज्ज्ञांचे पान: चिमटीची पकड सुधारणे, दोन्ही हातांचा समन्वय वाढवणे. मग वाचा-उपचारतज्ज्ञांचे: ओठ मिटणे, दोन अक्षरी शब्दांचा उच्चार. अखेरीस भौतिकोपचारतज्ज्ञांचे: धडाचा तोल, पोटरीच्या स्नायूंचा ताण कमी करणे. चार पाने, चार हस्ताक्षरे, चार सह्या. ही पाने एका दोऱ्यात ओवलेली असतात, एवढाच काय तो त्यांचा परस्परसंबंध. हे मूल पुढल्या दिवाळीपर्यंत आपल्या घरात आणि आपल्या वर्गात असे काय करू लागेल की जे त्याला आज येत नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र चारही पानांत मिळत नाही.

एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती या फाईलीला तंतोतंत लागू पडते. गोधडीही चिंध्यांचीच असते, परंतु गोधडीला एक धागा सर्वत्र फिरलेला असतो, म्हणून ती ऊब देते. येथे धागाच नाही. शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ यांनी मुलाची उद्दिष्टे एकत्र बसून ठरवावीत, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. परिसंवादांत त्यावर टाळ्या पडतात आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांत त्याला मानाचा परिच्छेद मिळतो. ते नाकारले जाते सोमवारी सकाळी, वेळापत्रकात. म्हणूनच आमचा वाद तत्त्वाशी नसून सवयीशी आहे, आणि सवयीशी वाद घालणे अधिक अवघड असते, कारण ती प्रत्युत्तर करीत नाही. ती नुसती चालू राहते.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: ध्येय हे मुलाचे असते, व्यवसायाचे नसते.

प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा करावा ही कल्पना कायद्याच्या रूपाने प्रथम अमेरिकेत आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथे अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करणे शाळांवर बंधनकारक ठरले. त्या कायद्यातील एक तरतूद आपल्याकडील संस्थाचालकांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, भौतिकोपचार इत्यादींना त्या कायद्याने 'संबंधित सेवा' असे नाव दिले, आणि मुलाला विशेष शिक्षणाचा लाभ घेता यावा यासाठी ज्या आवश्यक त्या सेवा, अशी त्यांची व्याख्या केली. म्हणजे शाळेतील उपचार हा शिक्षणाच्या शेजारी मांडलेला दुसरा संसार नव्हे. मूल शिकावे म्हणून तो आहे. ज्या उपचाराचा मुलाच्या शिकण्याशी आणि जगण्याशी संबंध सांगता येत नाही, तो इस्पितळात योग्य असेल, परंतु शाळेच्या वेळापत्रकात त्याला जागा मागण्याचा अधिकार नाही.

आपण तो आराखडा घेतला, त्याची रकाने असलेली पाने घेतली. त्यामागचा हा विचार मात्र बंदरातच राहिला.

याला इतिहासही कारण आहे. मुंबईचे तत्कालीन बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा उपचारतज्ज्ञ नावाचा वेगळा वर्ग येथे नव्हताच. पुढे १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ ची. सिकंदराबादची राष्ट्रीय मतिमंद संस्था, जिचे नाव आता बदलले आहे, ती १९८४ ची. एक विद्या रुग्णालयाच्या ओसरीत वाढली, दुसरी फळ्यासमोर. एकीच्या भाषेत समोर बसलेला 'रुग्ण' असतो, दुसरीच्या भाषेत 'विद्यार्थी'. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांना राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या वेगळ्या कायद्याच्या छत्राखाली घेतले गेले. वेगळी महाविद्यालये, वेगळ्या परिषदा, वेगळी परिभाषा. ही माणसे एका शाळेत नोकरीला लागली म्हणून आपोआप एका भाषेत बोलू लागतील, ही अपेक्षाच भाबडी होय. ती भाषा घडवावी लागते, आणि ती घडवण्याचे काम संस्थेचे आहे. हे काम आपले आहे, हेच बहुतेक संस्थांच्या गावी नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांची एक मुलगी आहे असे समजा. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिला आधाराशिवाय नीट बसता येत नाही, हात थरथरतो, लाळ गळते, बोलणे घरच्यांनाच काय ते कळते. तिच्या फाईलीत वर सांगितल्याप्रमाणे चार पाने आहेत. शिक्षिका तिला रंगीत मणी मोजायला लावते. व्यवसायोपचाराच्या खोलीत ती खुंट्या भोकांत बसवते. वाचा-उपचाराच्या खोलीत आरशापुढे ओठ मिटते. भौतिकोपचाराच्या खोलीत मोठ्या चेंडूवर तोल सांभाळते. आणि दुपारी साडेबाराला मावशी तिला मांडीवर आडवी घेऊन वरणभात भरवतात, कारण तसे केल्याने लवकर आटोपते.

दुपारच्या त्या वीस मिनिटांत काय काय घडू शकले असते ते पाहा. खुर्चीत पाय टेकवून, कमरेला आधार देऊन, मान सरळ ठेवून बसवले की धडाचा तोल आला. जाड मुठीचा चमचा आणि उभ्या काठाची थाळी दिली की पकड आली, हात तोंडाकडे नेणे आले. चमच्यावरचा घास ओठांनी ओढून घेणे, तोंड मिटून गिळणे, हा तर ओठांचा साक्षात व्यायाम. 'आणखी' आणि 'पुरे' हे शब्द, खुणेने का होईना, सांगणे हे भाषाशिक्षण. थाळीत किती पोळ्या, आपल्याला किती, शेजारणीला किती, हे गणित. चारही तज्ज्ञांचे सारे काही एका जेवणात सामावते. म्हणून त्या मुलीचे ध्येय एकच लिहायला हवे होते: 'वर्षअखेर ती मैत्रिणींच्या पंगतीत बसून आपल्या हाताने जेवेल आणि हवे-नको सांगेल.' ते ध्येय शिक्षिकेचेही नाही आणि तज्ज्ञांचेही नाही. ते त्या मुलीचे आहे. पुढे कोणी काय करायचे, कोणता चमचा, किती अंशात खुर्ची, किती मदत आणि ती कधी कमी करायची, ही कामाची वाटणी. वाटणी ध्येयानंतर येते. आपल्याकडे आधी वाटणी होते आणि ध्येय कोणाच्याच वाट्याला येत नाही.

आडव्या अवस्थेत, मान मागे टाकून भरवणे अशा मुलांच्या बाबतीत नुसते गैर नव्हे तर धोक्याचे असते. घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. वाचा-उपचारतज्ज्ञांना हे ठाऊक असते. परंतु त्यांची खोली पहिल्या मजल्यावर असते आणि जेवण तळमजल्यावर होते. ज्ञान आणि गरज यांच्यामध्ये एक जिना असतो, आणि तो जिना उतरण्याची तरतूद वेळापत्रकात नसते.

दुसरे उदाहरण बोलण्याचे. स्वमग्न मुलांसाठी चित्रे देऊन-घेऊन संवाद शिकवण्याची पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. तीत मूल हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्या माणसाच्या हातात देते आणि त्या बदल्यात वस्तू मिळवते. या पद्धतीचा प्राण चित्रात नाही, हातात आहे: चित्र घेणारा हात. आता कल्पना करा की मुलगा आठवड्यातून दोनदा उपचाराच्या खोलीत हे शिकतो आणि चित्रांची वही त्याच खोलीत कुलूपबंद राहते. वर्गात तहान लागली की तो ओरडतो, आणि शिक्षिका आपल्या वहीत 'वर्तनसमस्या' अशी नोंद करते. तज्ज्ञांच्या नोंदीप्रमाणे मूल प्रगती करीत असते, शिक्षिकेच्या नोंदीप्रमाणे बिघडत असते. दोन्ही नोंदी खऱ्या असतात. त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत, एवढेच.

एका ठिकाणी शिकलेले कसब दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, हे काही नवे गुपित नाही. १९७७ मध्ये स्टोक्स आणि बेअर या संशोधकांनी या विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात शिकवून टाकावे आणि बाकीचे घडेल अशी आशा धरावी, या वृत्तीवर नेमके बोट ठेवले होते. पण आमच्या शाळा अजून त्या आशेवरच चालल्या आहेत. आशा हा मोठा सद्गुण आहे हे आम्हांला कोणी सांगायला नको. परंतु वेळापत्रकाला पर्याय म्हणून तो दिलेला नाही.

आता आक्षेपांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप उपचारतज्ज्ञांचा. ते म्हणतात, 'आमची विद्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची. ती शिक्षिकेच्या हाती देणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ.' यात तथ्य आहे आणि ते आम्ही आदराने मान्य करतो. आखडलेला सांधा कसा आणि किती ताणावा, गिळण्याचा दोष कसा पारखावा, हे त्यांचेच क्षेत्र. दुसऱ्या महायुद्धानंतर बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो यांनी शिक्षक आणि उपचारक एकाच व्यक्तीत एकवटण्याचा प्रयोग केला. तशी मागणी आम्ही करीत नाही. आमची मागणी लहान आहे. शिक्षिकेने तपासणी करू नये. पण तपासणीतून निघालेली बसण्याची पद्धत, चमच्याची निवड, चित्रांची वही तिला समजावून द्यावी, तिच्या हातून करवून घ्यावी, आणि ती बरोबर होते की नाही ते वर्गात येऊन पाहावे. विद्येची ही वाटणी म्हणजे विद्येचा अपमान नव्हे.

हिशेबही करून पाहावा. मुलाला आठवड्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन उपचार मिळाले तर तो झाला एक तास. शाळा रोज पाच तास धरली तर आठवड्याचे पंचवीस. उरलेले चोवीस तास ते मूल शिक्षिकेच्या आणि मावशींच्या हाती असते. त्या चोवीस तासांत उलट दिशेने काम चालू असेल तर एका तासाचे कौशल्य किती पुरे पडणार? बाकीचे सारे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सहसा उघड बोलला जात नाही. उपचारतज्ज्ञ वर्गात आले की शिक्षिकेला परीक्षा चालल्यासारखे वाटते. पांढऱ्या कोटाला आपल्या समाजात खडूपेक्षा अधिक मान आहे, पालकही त्यांना 'डॉक्टर' म्हणतात, आणि बैठकीत शिक्षिकेने काही सांगितले तर ते 'निरीक्षण' ठरते, तेच तज्ज्ञांनी सांगितले की 'निष्कर्ष' होतो. हे दुःख खरे आहे. परंतु यावर उपाय वर्गाचे दार लावून घेणे हा नव्हे. वर्षभर रोज मुलासोबत असणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान अर्ध्या तासाच्या चाचणीपेक्षा कमी मोलाचे नसते. ते ज्ञान बैठकीत मांडण्याचा हक्क शिक्षिकेने मागून घेतला पाहिजे, आणि त्यासाठी तिने नोंदी अधिक काटेकोर ठेवल्या पाहिजेत. 'बरी प्रगती आहे' ही नोंद नव्हे. 'पाचपैकी चार वेळा विनामदत चमचा तोंडापर्यंत नेला' ही नोंद.

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा: वेळ नाही, पैसा नाही, माणसे नाहीत. ग्रामीण भागात तर तालुक्यात व्यवसायोपचारतज्ज्ञ शोधून सापडत नाही, हे खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. त्या निकालाचा विषय शिक्षक हा होता. मग उपचारतज्ज्ञ मुळातच थोडे असतील, महिन्यातून एकदा येणारे असतील, तर त्यांचा तो एक दिवस कसा वापरावा? मुलांची रांग लावून प्रत्येकाला वीस मिनिटे देण्यात, की त्या मुलांना रोज हाताळणाऱ्यांना शहाणे करण्यात? पैसा नाही म्हणून सहकार्य नको, हा युक्तिवाद उलटा आहे. पैसा नाही म्हणूनच सहकार्य हवे. श्रीमंताला उधळपट्टी परवडते. चौघांनी चार दिशांना ओढण्याची चैन गरीब शाळेला परवडणारी नाही.

चौथा आक्षेप असा की जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. एकच ध्येय ठेवले तर जबाबदार कोण? हा आक्षेप आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून ध्येय एक असावे, पण त्याखालील प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे, आणि संपूर्ण आराखड्याची काळजी वाहणारी एक व्यक्ती नेमलेली असावी. ती बहुधा वर्गशिक्षिकाच असेल. सामायिक ध्येय म्हणजे सामायिक बेजबाबदारी नव्हे.

आणि पालक? फाईलीत त्यांचे काम शेवटच्या पानावर सही करण्याचे. ते पानही अनेकदा इंग्रजीत. जी आई रोज पहाटे उठून मुलाला अंघोळ घालते, जिच्या कमरेला त्याला उचलून उचलून दुखणे जडले आहे, तिला विचारून पाहावे की वर्षभरात काय व्हावे. ती चिमटीची पकड म्हणणार नाही. ती म्हणेल, त्याला स्वतःहून लघवीला जायचे सांगता यावे. ती म्हणेल, पाहुणे आले की त्याला आत बसवावे लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि जीवनातील सहभाग हे वेगळे दाखवले आहेत. तज्ज्ञ बहुधा पहिल्यापाशी थांबतो, शिक्षक दुसऱ्यापाशी. आई मात्र वर्गीकरणाचे नाव न ऐकताही थेट तिसऱ्यावर येते. मग ध्येय ठरवण्याच्या बैठकीत पहिले आसन कोणाचे असावे?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शैक्षणिक संस्थांवर आवश्यक ते वैयक्तिक साहाय्य पुरवण्याचे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागाचा व प्रगतीचा मागोवा घेण्याचे कर्तव्य टाकले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या, प्रत्येक विभागाच्या नव्हे. साधनांचीही वाण नाही. मद्रासमध्ये तयार झालेली विकासात्मक नोंदसूची आपल्या अनेक विशेष शाळांत वापरात आहे: अठरा क्षेत्रे, प्रत्येकात वीस बाबी, एकूण तीनशे साठ. तीत जेवणे, कपडे घालणे, बोलणे, चालणे, अंक, वेळ, पैसे, सारे एकाच वहीत येते. ती वही चौघांनी मिळून भरली तर अर्धी बैठक तेथेच झाली. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती शिक्षिका एकटी भरते, बहुधा तपासणीच्या आदल्या आठवड्यात.

म्हणून संस्थाचालकांपुढे आम्ही काही साध्या मागण्या ठेवतो. आराखडा लिहिण्याआधी बैठक व्हावी, नंतर नव्हे. आधी लिहून आणलेली पाने बैठकीत जुळवणे म्हणजे वरातीमागून घोडे. पहिल्या पानावर कोणत्याही व्यवसायाचे नाव नसावे. तेथे आईला समजेल अशा मराठीत तीन किंवा चार ध्येये असावीत, अधिक नकोत. उपचारतज्ज्ञांच्या वेळेचा ठरावीक भाग वर्गात, जेवणाच्या ओळीत, खेळाच्या मैदानावर जावा. शिक्षक आणि तज्ज्ञ यांचा एक समान मोकळा तास आठवड्याच्या वेळापत्रकात छापलेला असावा. तासावर मानधन घेणाऱ्या तज्ज्ञांना त्या बैठकीच्या तासाचेही मानधन द्यावे; फुकटच्या सद्भावनेवर यंत्रणा चालत नाही. नोंदवही एकच असावी. दर तीन महिन्यांनी ती उघडून पाहावी, आणि जे ध्येय हलत नसेल तेथे मुलाला दोष देण्याआधी आपली पद्धत तपासावी.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवी इमारत लागत नाही. आमच्या संस्थांना इमारतींची हौस दांडगी. उपचार-केंद्राची कोनशिला बसवताना छायाचित्रकार हजर असतो, शुक्रवारच्या दुपारी चार माणसे टेबलाभोवती बसून एका मुलाविषयी वाद घालतात तेव्हा तो नसतो. परंतु मुलाचे भवितव्य ठरते ते त्या टेबलाशी. ज्या संस्थेत ते टेबल मांडलेले नाही, तिने आपल्या दारावरच्या पाटीवरील 'विशेष' हा शब्द वापरताना जरा संकोच करावा. चार चांगली माणसे वेगवेगळ्या खोल्यांत प्रामाणिकपणे राबत आहेत, आणि दुपारी साडेबाराला ती मुलगी अजूनही मांडीवर आडवीच भरवली जात आहे.